रात्रपाळी आणि प्रयोगवही

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी आपल्या वाटचालीविषयी लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्ही तिघांनी मिळून एकच लेख लिहावयाचे ठरविले. २००२ साली दहावी उत्तीर्ण झालेले आम्ही तिघे वसतिगृहात एका ओळीत अंथरुणे टाकून झोपत असू. पुढे पुण्यात एकाच खोलीत राहिलो, एकाच कॉल सेंटरमध्ये एकाच दिवशी रुजू झालो आणि तेथून निरनिराळ्या वाटांनी बाहेर पडलो. आज आमच्यातील एकजण पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो, दुसरा मुंबईत नेटवर्कच्या सुरक्षिततेचे काम पाहतो आणि तिसरा दोंडाईच्यातच ‘आपले सरकार सेवा केंद्र’ चालवितो. लेख तिघांचा असल्यामुळे त्यात सर्वत्र ‘आम्ही’ आहे. एखादी चूक एकाच्या हातून घडली असली तरी खोली एकच होती, म्हणून तीही आम्ही वाटून घेतली आहे.

आरंभ प्रयोगवहीपासून केला पाहिजे. विज्ञानाचे सर प्रत्येक प्रयोगाखाली चार मथळे लिहावयास लावीत : साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आम्ही कृती पुस्तकातून उतरवीत असू आणि निरीक्षणही पुस्तकातूनच. एकदा आम्लात बुडविलेला निळा लिटमस कागद तांबडा झालाच नाही; कागदाची डबी जुनी असावी. तरीही सर्व वर्गाने ‘तांबडा झाला’ असेच लिहिले. सरांनी साऱ्या वह्या परत केल्या आणि म्हणाले, “पुस्तकाला काय दिसले ते पुस्तकात आहेच. तुम्हांला काय दिसले ते लिहा.” त्या वेळी आम्हांला तो केवळ त्रास वाटला. त्या एका वाक्याने पुढे आमची पोटे भरतील, हे तेव्हा कोणास ठाऊक होते?

आमच्या घरांची स्थिती या शाळेतील बहुतेक मुलांच्या घरांसारखीच होती. एकाची आई हिवाळ्यात मिरचीच्या पथारीवर देठ खुडावयास जाई. संध्याकाळी ती हात पाण्यात बुडवून बसे, तरी आग उतरत नसे. दुसऱ्याचे वडील शिंदखेडा तालुक्यात सालदार होते. तिसऱ्याचे वडील बाजार समितीत हमाली करीत. दहावीनंतरचे शिक्षण झाले ते आपण ज्यास ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो तिच्या बळावर. ही शिष्यवृत्ती १९४४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली, हे आम्ही शाळेतच ऐकले होते. साठ वर्षांनंतर ती तीन मुलांना गावातून बी.एस्सी.पर्यंत घेऊन गेली. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी आणि एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेऊन २००७च्या जूनमध्ये आम्ही एस.टी.च्या रातराणीने धुळे, मालेगाव, मनमाड, नगर करीत पुण्यास पोहोचलो.

संगणकाची नोकरी म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे, एवढेच आम्हांस ठाऊक होते. ज्या कंपन्यांत ते काम होते, तेथे अभियांत्रिकीच्या पदवीखेरीज दारातही उभे करीत नसत. कॉल सेंटरचे दार मात्र उघडे होते. या धंद्याचा आपल्या देशातील इतिहास तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. ब्रिटिश एअरवेजने १९९६ साली मुंबईत आपले कार्यालयीन काम हलविले. १९९७ साली जीई कॅपिटलने गुडगावला तसेच केंद्र काढले. १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणानंतर दूरध्वनीच्या वाहिन्या स्वस्त होत गेल्या. परदेशातील माणसाने आपल्या घरून फिरविलेला क्रमांक पुण्यात वाजू लागला, तो अशा रीतीने. त्या वाजणाऱ्या फोनजवळ बसावयास पदवीचा विषय कोणी विचारत नव्हते. इंग्रजी बोलता येते का, एवढेच विचारत होते.

इंग्रजी आम्हांला वाचता येत होते, बोलता येत नव्हते. दोघे पहिल्या मुलाखतीत नापास झालो, तिसरा दुसऱ्या फेरीत. दीड महिना खोलीत एकमेकांशी इंग्रजीखेरीज बोलावयाचे नाही, असा नियम केला आणि चौथ्या ठिकाणी तिघेही एकदम निवडले गेलो. प्रशिक्षणात खालच्या ओठाला दात लावून ‘व्ही’ आणि ओठ गोल करून ‘डब्ल्यू’ असे सहा आठवडे चालले. आमच्याबरोबरची शहरी मुले त्यास कंटाळत. आम्हांला त्याचे नवल वाटले नाही. घरी आम्ही अहिराणी बोलत असू, आणि ‘शाया’ नव्हे ‘शाळा’, ‘डोया’ नव्हे ‘डोळा’, असे म्हणवून घेत मराठीच्या बाईंनी आमची जीभ एकदा वळविलेलीच होती. वळलेली जीभ पुन्हा वळविणे तितके अवघड नसते.

तेथे प्रत्येकाला फोनवर सांगावयाचे एक इंग्रजी नाव मिळे. पुण्यात खोली शोधताना घरमालक प्रथम आडनाव विचारीत, आणि ते ऐकल्यावर खोली कालच दिली गेल्याचे त्यांना आठवे. फोनवर आमचे आडनाव नव्हतेच. रात्रभर आम्ही कोणी दुसरेच असू, आणि त्या दुसऱ्या माणसाशी लोक आदराने बोलत. यात सुख होते हे आम्ही नाकारणार नाही. ते सुख पोकळ होते, हे समजावयास वेळ लागला.

काम असे होते. अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या घरगुती ग्राहकांच्या तक्रारी सोडवावयाच्या. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले सायंकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेसात. पहाटे गाडी खोलीवर सोडी. समोरच्या पडद्यावर पटकथा असे : ग्राहकाने अमुक म्हटले तर तमुक विचारा, ‘हो’ म्हटले तर या पायरीवर जा, ‘नाही’ म्हटले तर त्या पायरीवर. प्रत्येक कॉल सरासरी किती मिनिटांत संपला, किती वेळा ग्राहकाचे नाव घेतले, किती वेळा दिलगिरी व्यक्त केली, याचे गुण मिळत. संगणक का बिघडला, या प्रश्नाला गुण नव्हते.

पगार रात्रीच्या भत्त्यासह साडेअकरा हजार. तिघांच्याही घरी तेवढा पैसा एकरकमी कधी आलेला नव्हता. पहिल्या वर्षात एकाच्या घरावर पत्रे आले, दुसऱ्याच्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज निम्मे फिटले. दिवाळीला गावी गेलो तेव्हा पथारीवर काम करणाऱ्या आमच्या मायने नोकरीची चौकशी केली. आम्ही समजावून सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “रातभर लोकेसना फोन उचलस? मंग नोकरी कोनती करस?” आम्ही हसलो. परंतु परतीच्या गाडीत तिघेही जागे होतो.

ज्या कॉलने आमचे आयुष्य बदलले तो २००८च्या उन्हाळ्यातला. एका वृद्ध बाईंचा संगणक सुरू होत नव्हता. कंपनीचे चिन्ह दिसे आणि पडदा काळा होई. आमच्यातील एकाने पटकथेच्या पायऱ्या घेतल्या. शेवटची पायरी होती, संगणक कारखान्यातून आला तसा पुन्हा करून देणे. त्याआधी वाचावयाचे वाक्य होते : आपण आपल्या माहितीची प्रत काढून ठेवली आहे का? बाई ‘हो’ म्हणाल्या. त्यांना प्रश्न कळलेला नाही, हे आवाजावरून जाणवले होते. परंतु घड्याळात वीस मिनिटे होऊन गेली होती. आम्ही पुढे गेलो. संगणक सुरू झाला, बाईंनी आभार मानले, आणि मग विचारले, “माझे फोटो कुठे गेले?” आदल्या वर्षी वारलेल्या पतीची छायाचित्रे त्या संगणकातच होती, आणि दुसरीकडे कोठेही नव्हती.

तो कॉल पुढे तपासणीत निवडला गेला. त्यास पैकीच्या पैकी गुण मिळाले, कारण एकही पायरी चुकलेली नव्हती. ती ध्वनिफीत तपासणीच्या वेळी पुन्हा ऐकविण्यात आली, आणि तेव्हा पहिल्याच मिनिटातले एक वाक्य कानावर आले, जे त्या रात्री कानावरून गेले होते. बाई म्हणाल्या होत्या, “काल संध्याकाळी नातवाने नवा प्रिंटर जोडून दिला, तोवर सगळे ठीक होते.” प्रिंटरची वायर काढून संगणक पुन्हा चालू करावयास सांगितले असते, तर बहुधा तेवढ्यानेच भागले असते. न भागते तरी ‘सेफ मोड’मध्ये जाऊन छायाचित्रे बाहेर काढता आली असती. आणि सारे पुसले गेल्यावरही, तो संगणक तसाच बंद करून जाणकाराकडे नेण्यास सांगितले असते, तर काही तरी हाती लागण्याची आशा होती. कारण अशा वेळी पुष्कळदा डिस्कवरची अनुक्रमणिका तेवढी नवी लिहिली जाते, मूळ मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. यातले एकही आम्हांस तेव्हा माहीत नव्हते. आम्ही कृती केली होती. निरीक्षण ग्राहकाने स्वतःहून दिले होते, ते आम्ही लिहून घेतले नव्हते.

त्या सकाळी झोप आली नाही. आमच्यातील एकाने शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक पानावर रेघा मारून रकाने पाडले : लक्षण, केलेली कृती, निरीक्षण, अनुमान. रोज पहाटे खोलीवर आल्यावर झोपण्यापूर्वी तिघांनी प्रत्येकी दोन कॉल त्यात लिहावयाचे, असा नियम झाला. आरंभी अनुमानाचा रकाना रिकामाच राही. ‘इंटरनेट चालत नाही’ या तक्रारीवर मॉडेम बंद करून पुन्हा चालू करावयास सांगण्याची पायरी होती, आणि ती बहुतेक वेळा लागू पडे. का लागू पडते, हे लिहिता येईना. काही पानांनंतर ध्यानात आले की, अशा संगणकांचा पत्ता पुष्कळदा १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होतो, आणि दुरुस्तीनंतर तो १९२.१६८ ने सुरू होतो. आप्पा बळवंत चौकातून जुने पुस्तक आणले, त्यात उत्तर मिळाले. घरातील संगणक सुरू होताना ‘मला पत्ता द्या’ अशी हाक देतो. राउटरने उत्तर दिले तर त्याने दिलेला पत्ता घेतो, कोणीच उत्तर दिले नाही तर १६९.२५४ या राखीव गटातला एक पत्ता स्वतःच धारण करतो. म्हणजे तो आकडा दिसला की, संगणक बहुधा धड आहे, हाकेला उत्तर मिळालेले नाही, असे समजावे. मग वायर, राउटर, मॉडेम या क्रमाने शोध घ्यावयाचा.

त्या दिवशीचा आनंद सांगता येत नाही. वर्षभर जे आम्ही पोपटासारखे म्हणत होतो, त्याच्या मागे एक व्यवस्था होती आणि ती आम्हांला दिसू लागली होती. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून एक संगणक जोडला, नंतर दुसरा. दोन्हींवर लिनक्स चढविले, एकमेकांना जोडले, मुद्दाम बिघडविले आणि दुरुस्त केले. खोलीत पलंग नव्हता, परंतु सर्व्हर होता!

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अशा कथा सांगताना लोक जिद्दीचे श्रेय देतात. जिद्द आमच्याच काय, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायकांमध्येही कमी नसते. कारण शोधावयास वेळ लागतो आणि वेळेला पैसा लागतो. तो कोणीतरी सोसल्याशिवाय पुढची पायरी येत नाही. एका लहान कंपनीत सर्व्हर सांभाळणाऱ्याचा मदतनीस म्हणून दिवसपाळीची जागा निघाली, तेव्हा पगार सात हजार होता. भत्ता नाही, ने-आण करणारी गाडी नाही, आणि घरी पाठवावयाचे पैसे तर तेवढेच. साडेअकरा हजार सोडून सात हजारांवर जाणे याला गावी कोणी शहाणपण म्हटले नसते. आम्ही तिघे रात्रभर बसलो आणि ठरविले : जो जाईल त्याच्या खोलीचे व जेवणाचे पैसे उरलेले दोघे वर्षभर भरतील. तो स्थिरावला की दुसऱ्याची पाळी, मग तिसऱ्याची. कागद केला नाही. वसतिगृहातही पाणी भरावयाच्या पाळ्या कागदावर नव्हत्या.

पहिला गेला. पहिले सहा महिने त्याने केबल ओढल्या, प्रिंटर पुसले आणि रात्री बॅकअप नीट उतरला का ते तपासले. बॅकअप हा शब्द इतरांना कंटाळवाणा वाटे. त्यास त्या बाईंचा आवाज ऐकू येई. काढलेली प्रत परत उघडून पाहिल्याखेरीज तो ‘झाले’ असे लिहीत नसे. पुढे एका सुट्टीत मुख्य डिस्क गेली आणि त्याच तपासलेल्या प्रतीवरून कंपनी सोमवारी उघडली. त्यानंतर त्याचा पगार वाढला, लिनक्सची परीक्षा झाली आणि आज ज्यास क्लाउड म्हणतात त्या कामापर्यंत तो पोहोचला.

दुसऱ्याने नेटवर्कची वाट धरली. सीसीएनए या परीक्षेचे शुल्क त्याच्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढे होते, आणि तो पहिल्या वेळी नापास झाला. दुसऱ्या वेळचे शुल्क पहिल्याने आणि तिसऱ्याने भरले. मग त्यास जाळ्यावर चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात काम मिळाले. पुन्हा रात्रपाळीच, परंतु आता पडद्यावर पटकथा नव्हती, आलेख होते. आलेख पाहून अनुमान करावयाचे होते.

तिसऱ्याची पाळी आलीच नाही. २००८च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. मंदी आमच्या मजल्यावर पोहोचावयास काही महिने लागले. २००९ अखेर तो सारा विभाग बंद झाला. त्याच सुमारास तिसऱ्याच्या वडिलांना पाठीचा आजार जडला आणि हमाली सुटली. तो गावी परतला. आम्ही दोघांनी पैसे पाठवितो म्हणून कळविले. त्याने लिहिले, “आधी घर उभे राहू द्या, मग पाहू.” पुढे लग्न झाले, मुले झाली, आणि ‘मग’ मागे पडत गेले. आम्ही दोघे जेथे आहोत तेथे त्याच्या दोन वर्षांच्या पगारावर उभे आहोत, हे या लेखात लिहावे असा त्याचा आग्रह मुळीच नव्हता. उलट ते गाळावे असे त्याचे म्हणणे होते. बहुमताने ते ठेवले आहे.

परंतु तो मागे राहिला, असे कोणी समजू नये. त्याच्या केंद्रावर जून-जुलैत मुलांची रांग लागते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडला की इतर ठिकाणी ‘साइट चालत नाही’ असे सांगून मुलांना परत पाठवितात. तो आधी विचारतो, “आधार बँकेशी जोडला आहे का? कोणत्या खात्याशी? गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षराला अक्षर जुळते का?” मग लिहून घेतो, तपासतो आणि कारण सांगतो. घाबरलेल्या माणसाला न घाबरविता चार प्रश्न कसे विचारावेत, दिसत नसलेल्या पडद्यावर काय आहे हे केवळ ऐकून कसे ओळखावे, ही विद्या तिघांनाही कॉल सेंटरनेच दिली. तिच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञता आहे. ज्यांची मुले आज तेथे काम करतात, त्या पालकांनी त्या कामास हलके समजू नये. मात्र त्या पायरीवर किती दिवस थांबावयाचे, याचा विचार मुलांनी पहिल्या दिवसापासून करावा.

हा विचार आज अधिक निकडीचा झाला आहे. आम्ही जी पटकथा वाचीत होतो ती आता यंत्रे वाचू लागली आहेत, आणि ती न थकता, कोणत्याही उच्चारात वाचतात. ज्या दारातून आम्ही शिरलो ते दार अरुंद होत चालले आहे. तेव्हा शाळेतील मुलामुलींना आमचे सांगणे थोडकेच आहे. कोणतेही पहिले काम मिळो, रोज दोन नोंदी लिहा, आणि अनुमानाचा रकाना कोरा राहिला तर तो कोरा असल्याचे लक्षात ठेवा. एक जुना संगणक असा असू द्या, जो बिघडविण्याची तुम्हांला मुभा आहे. आणि एकटे निघू नका. ज्यांच्याशी पाळ्या लावता येतील असे दोन सोबती आधी शोधा.

गेल्या वर्षी आम्ही तिघे शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेत सातवीच्या मुली वह्या लिहीत होत्या. चारही मथळे तेच. विज्ञानाचे सर आता निवृत्त झाले आहेत. आम्ही त्यांच्या घरी जाऊन ती शंभर पानी वही त्यांच्या हाती दिली. सरांनी चष्मा लावून बरीच पाने चाळली. इंग्रजी शब्द आणि आकडे त्यांच्या परिचयाचे नव्हते, तरी प्रत्येक पानावरचा शेवटचा रकाना ते पाहत होते. मध्येच एका पानावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हा रिकामा का?” ते पान त्या बाईंच्या कॉलचे होते. आम्ही सारी हकीकत सांगितली. सरांनी पेन मागितले आणि वही आमच्याकडे सरकविली. तिसऱ्याने तो रकाना भरला.

आम्ही दोघांनी आपली थकलेली पाळी कशी फेडावी, हे त्यालाच विचारले होते. त्याच्या सांगण्यावरून दरवर्षी शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क आणि वर्षभराचे खोलीभाडे आम्ही भरतो. निवड तो करतो. त्याची कसोटी एकच आहे : येणाऱ्याने आपली वही घेऊन यावे.